वास न सोसणारी माणसे आणि आपल्या पेढ्या

संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेख मागितला होता तो मिरचीच्या व्यापारावर. ब्याडगीचा रंग, संकेश्वरीचा तिखटपणा, गुंटूरच्या मालाची आवक आणि आपल्या भागातील अडतीची बदललेली रीत यांविषयी चार अनुभवाचे शब्द लिहावेत, अशी त्यांची अपेक्षा होती व ती रास्तच होती. कारण आमच्या घराण्याची तिसरी पिढी बेळगावात याच मालावर बसलेली आहे. परंतु लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, गेली दहाबारा वर्षे आम्ही मिरचीच्या वखारीत पाऊल टाकलेले नाही. ज्याला आपल्याच मालाजवळ जाता येत नाही, त्याने त्या मालावर अधिकाराने काय लिहावे? म्हणून, जाता का येत नाही, तेच लिहून पाठवीत आहोत. मिरचीचा लेख पुढील वर्षी आमचे चिरंजीव लिहितील.

मिरचीच्या बाजारात वाढलेल्या माणसास ठसक्याचे नवल नसते. आमच्या लहानपणी वखारीत गोणी सोडली की तिखट खकाणा उठे. नवा हमाल शिंकून शिंकून बेजार होई आणि जुने हमाल त्यास हसत. "आठ दिवसांत सवय होईल," हा ठरलेला दिलासा असे आणि बहुतेकांस ती सवय होतही असे. आमचे वडील तर तोंडावर उपरणेही न घेता मूठभर मिरची हातात चुरीत, नाकाशी नेत आणि माल पहिल्या तोडीचा की दुसऱ्या, वजन वाढविण्यासाठी त्यावर पाणी मारले आहे की नाही, हे उभ्या उभ्या सांगत. नाक हे आमच्या घराचे पहिले भांडवल होते. रोकड त्यामागून आली. आम्हीही हीच विद्या शिकलो आणि तिचा थोडाबहुत अभिमानही बाळगला.

सन २०१३ च्या पावसाळ्याअखेर आमच्या वखारीतील धण्याला कीड लागली. आमच्या आजोबांच्या काळी अशा वेळी माल उन्हात घालीत, चाळीत आणि कडुलिंबाचा पाला घालून पुन्हा भरीत. त्यात काटकसर होती, तसा जीवहत्या टाळण्याचा धर्मविचारही होता. आमच्या काळात बाजाराची घाई वाढली व गोळ्या आल्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ही गोळी हवेतील ओल लागली की फॉस्फीन नावाचा विषारी वायू सोडते. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. कोणीही दुकानदाराने ती आणून गोण्यांत ठेवावी असा हा माल नव्हे. परवानाधारक माणसाच्या देखरेखीखालीच ती वापरली पाहिजे, असा नियम आहे. आम्ही माणूस बोलाविला होता, हे खरे. त्याने वखार बंद करून सात दिवस उघडू नका म्हणून बजावले होते, हेही खरे. परंतु दसऱ्यापूर्वी एक गाडी भरून द्यावयाची होती, आणि आम्ही पाचव्या दिवशी कुलूप काढले. दोष कोणाचा, हे वेगळे सांगावयास नको.

आत कार्बाइडसारखा, लसणीसारखा वास होता. अर्ध्या तासाने तो वास येईनासा झाला, म्हणून आम्हास वाटले की वायू गेला. येथे बंधूंनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: हा वास वायूतील भेसळीचा असतो, शुद्ध फॉस्फीनला वास नाही, सबब वास थांबला म्हणजे वायू गेला असे मुळीच नव्हे. त्या दिवशी दुपारी आम्हास मळमळ, डोकेदुखी व छातीत जळजळ सुरू झाली. दोन दिवस इस्पितळात काढून घरी आलो. हमाल बाहेरच उभे होते म्हणून वाचले.

यानंतर तीन आठवड्यांनी जे सुरू झाले ते आजतागायत आहे. प्रथम फरशी पुसावयाच्या फिनेलने ठसका लागला. मग पेढीवरील अगरबत्तीने. मग गिऱ्हाइकाच्या अत्तराने, वर्तमानपत्राच्या ताज्या शाईने, कपाटातील डांबरगोळ्यांनी, नव्या साडीच्या खळीने, डासांच्या उदबत्तीने, पेट्रोल पंपाने. ठसक्यामागून डोके जड व्हावयाचे, हातपाय गळावयाचे आणि साधी बेरीज चुकावयाची. ज्याने उभ्या आयुष्यात रोजमेळ दोनदा तपासला नाही, त्याला तो चारदा तपासावा लागू लागला. आणि मिरची? तिचे पोते रस्त्याच्या पलीकडे फुटले तरी आम्हास अलीकडे उभे राहवेना. जी सवय आठ दिवसांत होत असे ती तीस वर्षांनी मोडली.

वैद्यकीय तपासण्या झाल्या. छातीचे चित्र स्वच्छ. नळीत फुंकून फुप्फुसाची शक्ती मोजतात, तीही उत्तम. कातडीवर टोचून वावड्याची परीक्षा केली, तीत काही निघाले नाही. एका डॉक्टरांनी "आपली प्रकृती माझ्यापेक्षा चांगली आहे" असे हसून सांगितले. दुसऱ्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. आजार नाही असे कागदावर ठरले म्हणजे घरात जे व्हावयाचे ते झाले. धाकट्या बंधूंना वाटले की, दादांना गादीवर बसण्याचा कंटाळा आला. एका आप्ताने हे मनाचे खूळ आहे म्हणून सांगितले व दुसऱ्याने एक ताईत पाठविला. आमच्या मंडळींनी मात्र काही न बोलता घरातील फिनेल बंद केले. त्या उपकाराची नोंद कोणत्याही वहीत करता येण्यासारखी नाही.

असे दीड वर्ष गेल्यावर पुण्यास एका वयोवृद्ध डॉक्टरांची गाठ पडली. त्यांनी नाडी पाहण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले: व्यापार कशाचा? वखार घरापासून किती अंतरावर? आणि यात्रेला गेलात तर बरे वाटते काय? तिसऱ्या प्रश्नाने आम्ही चमकलो. आदल्या वर्षी श्रवणबेळगोळास पाच दिवस होतो, त्या पाच दिवसांत एकदाही ठसका लागला नव्हता, आणि हे आमच्या लक्षातच आले नव्हते! डॉक्टर म्हणाले, हा प्रश्न माझा नव्हे. इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी १७०० साली निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्यास त्याचा धंदा विचारलाच पाहिजे असा दंडक वैद्यांस घालून दिला. त्या ग्रंथात धान्य चाळणारे व मापणारे आहेत, तंबाखू कुटणारेही आहेत. आमच्या निपाणीकर बंधूंच्या वखारींत बसलेला माणूस ते प्रकरण वाचून म्हणेल की हा गृहस्थ आमच्याच गल्लीत राहून गेला असावा.

त्या भेटीत जे समजले व पुढे वाचून जे ताडून पाहिले, ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कारण या विषयात भोळेपणा व अविश्वास या दोहोंचे पीक उदंड आहे.

धुळीने वा रसायनाने होणारी दुखणी एका जातीची नसतात. एक जात सरळ आहे. पीठ, एरंडीची पेंड, लाकडाचा भुसा, रंगातील काही द्रव्ये यांचा सहवास महिनोन् महिने घडला म्हणजे काही माणसांचे शरीर त्या एका पदार्थाशी वैर धरते. मग त्या पदार्थाचा कणही दमा उठवितो. हे रक्तात दिसते, यंत्रावर मोजता येते. असा माणूस जितका लवकर त्या कामावरून हलेल तितकी तो बरा होण्याची आशा अधिक. सुटीच्या दिवशी बरे वाटणे व कामावर रुजू होताच त्रास होणे, ही याची खूण.

दुसरी जात वादग्रस्त, आणि आमचे दुखणे त्या वादातले. एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक पदार्थांचा, अगदी अल्प प्रमाणात, अनेक अवयवांस त्रास होतो. अमेरिकेत शिकागो येथील डॉक्टर थेरॉन रँडॉल्फ यांनी अशा रोग्यांविषयी १९६२ साली पुस्तक लिहिले आणि खनिज तेलापासून निघालेल्या नव्या पदार्थांवर त्याचा ठपका ठेवला. स्वयंपाकाचा गॅसही घराबाहेर काढा, असा त्यांचा सल्ला असे. वैद्यकातील प्रस्थापित मंडळींनी त्यांचे मत मानले नाही. पुढे १९८७ साली येल विद्यापीठातील मार्क कलेन यांनी या दुखण्यास 'बहुविध रासायनिक संवेदनशीलता' या अर्थाचे नाव दिले. सन १९९६ मध्ये बर्लिन येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या विद्यमाने भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत हे नाव नको असे ठरले. कारण रसायन हेच कारण आहे असे त्या नावात गृहीत धरले जाते आणि ते सिद्ध झालेले नाही. जपानने मात्र २००९ साली आपल्या रोगांच्या अधिकृत यादीत यास जागा दिली. एकाच दुखण्यास एका देशात नाव आहे आणि दुसऱ्या देशात नाही, असे पाहिल्यावर रोग्याने काय समजावे?

आमच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही येथे मांडला पाहिजे, नाहीतर ही स्मरणिका म्हणजे एकतर्फी कैफियत होईल. अशा रोग्यांना बंद खोलीत बसवून, कोणता वायू सोडला आहे हे कळू न देता अनेक ठिकाणी परीक्षा घेण्यात आल्या. २००६ साली इंग्लंडमधील संशोधकांनी अशा ३७ परीक्षांचा एकत्र अभ्यास केला. त्यांना आढळले असे की, रोग्यांना त्रास होतो खरा, परंतु खरा पदार्थ व खोटा पदार्थ यांतील भेद रोग्यास ओळखता येत असेल तेव्हाच तो होतो. भेद लपविला की त्रासही वेगळा उरत नाही. म्हणजे अपेक्षेचा व भीतीचा यात वाटा असावा. हे वाचून प्रथम आम्हास राग आला. नंतर विचार केला की, वखारीतल्या त्या दिवसानंतर लसणीच्या फोडणीनेही आमच्या छातीत धडकी भरते, ती विषाची की आठवणीची, हे आम्ही तरी छातीवर हात ठेवून सांगू शकतो काय? पुण्याच्या डॉक्टरांनी याचे उत्तर सुरेख दिले. ते म्हणाले, "ठसका खरा आहे ना? मग तो छातीतून आला की डोक्यातून, हा हिशेब मागाहून करू. आधी तो थांबवू."

याच संदर्भात एक शोध असा झाला आहे की जो वाचून मिरचीच्या व्यापाऱ्यास हसावे की रडावे हे समजत नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे एव्हा मिल्क्विस्ट या विदुषी डॉक्टरांकडे असे रोगी येत की ज्यांना अत्तराने, धुराने, रंगाच्या वासाने खोकला येई, आणि तपासणीत दमा वा वावडे काहीच निघत नसे. त्यांनी मोजमापासाठी वापरले ते आपल्या मिरचीतले तिखट! मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सायसिन नावाचे द्रव्य आहे. त्याचा अत्यल्प अंश असलेला फवारा रोग्यास श्वासातून द्यावयाचा आणि पुढील दहा मिनिटांत तो किती वेळा खोकतो ते मोजावयाचे, अशी ही परीक्षा. वासाने त्रासणारे लोक निरोगी माणसापेक्षा पुष्कळच अधिक खोकतात असे दिसून आले. फुप्फुस ठीक, रक्त ठीक. बिघाड आहे तो श्वासमार्गातील संवेदना वाहणाऱ्या तंतूंत, ते प्रमाणाबाहेर जागे झालेले असतात, असा त्याचा अर्थ लावतात. या तंतूंवर तिखट ओळखणारे जे द्वार असते त्याचा शोध अमेरिकेतील डेव्हिड ज्यूलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली लावला. तेच द्वार भाजणारी उष्णताही ओळखते. म्हणून मिरची 'जळते'. ज्यूलियस यांस यासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या वडिलांनी मिरची नाकाशी नेऊन पन्नास वर्षे याच द्वारावर व्यापार केला, त्यांस कोणी प्रशस्तिपत्रही दिले नाही. असो.

आता एक गोष्ट बार्सिलोनाची. ती वासाच्या दुखण्याची नसून सरळ दम्याची आहे. परंतु ती व्यापाऱ्यांची गोष्ट आहे आणि आमचे इंदूरकर बंधू ज्या मालात उलाढाल करतात त्या सोयाबीनची आहे. स्पेनमधील या बंदराच्या शहरात १९८१ ते १९८७ या काळात २६ वेळा असे घडले की, एकाच दिवशी अचानक माणसांची रीघ दम्याने कासावीस होऊन इस्पितळांत लागे आणि दुसऱ्या दिवशी सारे शांत होई. कारखान्यांचा धूर तपासला, हवामान तपासले, उलगडा होईना. अखेर जोसेप मारिया आंतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदरातील मालाची नोंदवही इस्पितळाच्या नोंदवहीशेजारी ठेवली. दम्याचे दिवस व जहाजातून सोयाबीन उतरविण्याचे दिवस जुळले! धक्क्यावरील एका कोठाराच्या माथ्यावर धूळ अडविणारी गाळणी नव्हती. सोयाबीनच्या टरफलाची धूळ वाऱ्यावर शहरात जात होती. गाळण्या बसविल्या आणि साथ थांबली. त्या सहा वर्षांत किती रोग्यांना मनाचे खूळ म्हणून घरी पाठविले असेल, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. खोटे सांगितले कोणीच नव्हते, परंतु दोन वह्या शेजारी ठेवण्याचे कोणास सुचले नव्हते. व्यापाऱ्याच्या घरात वह्यांचा तोटा नसतो, म्हणून ही हकीकत येथे सांगितली.

आमच्या वह्या आम्ही अशाच शेजारी ठेवल्या. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन महिने रोज लिहिले: कोठे गेलो, कशाचा वास आला, ठसका किती वेळ टिकला, झोप कशी लागली. जुन्या खर्डेवहीचाच उपयोग केला. डाव्या बाजूस वास, उजव्या बाजूस त्रास. यातून निघाले ते सर्वस्वी अपेक्षेप्रमाणे नव्हते. ज्यास आम्ही भीत होतो त्या डिझेलने फारसे होत नव्हते. ज्याकडे लक्षच नव्हते तो कपडे धुण्याचा सुवासिक साबण मात्र रोजचा शत्रू निघाला. शत्रूंची यादी साठावरून नऊवर आली, हाच आमच्या आजारातील पहिला नफा.

मग एकेक फेरफार केले. वखार पूर्वी राहत्या घराच्या तळमजल्यावर होती, ती बाजार समितीच्या आवारात नेली. आपल्या पेठांतून घर वर व माल खाली ही जुनी चाल आहे, तिचा फेरविचार व्हावा असे आमचे स्पष्ट मत आहे. पेढीवर अगरबत्तीऐवजी तुपाचे निरांजन लावतो. फिनेल गेले, फरशी गरम पाण्याने पुसतात. डांबरगोळ्या गेल्या, कपाटात कडुलिंबाचा पाला आला. नवे कापड तीनदा धुतल्यावाचून अंगाला लावीत नाही. भिंतींस तेलिया रंग न देता चुना देतो. डासांसाठी मच्छरदाणी. प्रवासात तोंडाला लावावयाची साधी कापडी पट्टी धूळ अडविते, वायू अडवीत नाही, हे पैसे खर्चून शिकलो. वायूसाठी कोळशाचा थर असलेली पट्टी लागते आणि तीही काही वेळानेच निकामी होते.

या फेरफारांस खर्च थोडा आला, मानहानी अधिक. लग्नकार्यास आम्ही पहाटे, मंडपात फुलांची व अत्तराची गर्दी होण्यापूर्वी जाऊन आहेर देऊन येतो. कित्येकांस तो अपमान वाटला. दशलक्षण पर्वात मंदिरात धूप घालतात तेव्हा आम्हास बाहेरच्या ओवरीत बसावे लागते. पहिल्या वर्षी लोकांनी वळून वळून पाहिले. दुसऱ्या वर्षी मंदिरातील उपाध्यांनी न सांगता निरोप धाडला की, "धूप साडेआठास होतो, आपण सातास दर्शनास यावे." इतका साधा उपाय आम्हासही सुचला नव्हता.

दोन गोष्टींविषयी सावध करणे कर्तव्य समजतो. एक म्हणजे, वास टाळता टाळता माणूस घरच टाळावयास लागतो, मग खोली, मग खिडकी. आम्ही एकदा सलग चार महिने एका खोलीत काढले आणि प्रकृती सुधारण्याऐवजी खालावली. डॉक्टरांनी श्वास संथ करण्याचा अभ्यास दिला व रोज थोडे बाहेर पडण्याची सक्ती केली, तेव्हा गाडी रुळावर आली. दुसरी गोष्ट, या दुखण्यावर शरीरातील विष काढून देतो म्हणणारे फार भेटतात. आम्ही एकाकडे पंचेचाळीस हजार रुपये घालविले. ज्या मालाचा नमुना दाखवीत नाहीत व ज्याचा तोल करून देत नाहीत, तो माल आपण बाजारात कधी घेत नाही. औषधाच्या बाबतीतच ही अक्कल का सुटते, कोण जाणे!

व्यापार चालू आहे. आम्ही टिळकवाडीतील घरी बसून हिशेब व पत्रव्यवहार पाहतो. माल बंधू व चिरंजीव पाहतात. चिरंजीव दूरध्वनीवर मालाची छायाचित्रे पाठवितात. रंग दिसतो, लांबी दिसते, सुरकुती दिसते. वास दिसत नाही. दर आम्हीच सांगावा असा त्यांचा आग्रह असतो आणि आम्ही तो सांगतोही, पण पूर्वीच्या खात्रीने नव्हे.

आता जी गोष्ट सांगावयाची ती लिहिण्याचे आम्ही बरेच दिवस टाळले. आमच्या वखारीत मिरचीची देठे खुडण्यास चौदा वर्षे एक बाई होत्या. सारे त्यांस आक्का म्हणत. सन २००९ मध्ये त्या सांगू लागल्या की, पूर्वी वखारीतच खोकला येई, आता घरी फोडणीनेही येतो, रॉकेलच्या स्टोव्हनेही येतो, शेजारणीच्या पावडरनेही येतो. आम्ही त्यांस सरकारी दवाखान्यात पाठविले. तेथे काही निघाले नाही. मग आम्ही म्हणालो, चौदा वर्षे मिरचीत काढली आणि आता पावडरचा त्रास होतो काय? काम नको असेल तर तसे सांगावे. हिशेब चुकता करून, वर एका महिन्याचा रोजगार देऊन त्यांस निरोप दिला, आणि आपण न्यायाने वागलो असे समजून त्या रात्री स्वस्थ झोपलो.

पुण्याहून परतल्यावर ही गोष्ट आठवली. २०१६ साली शोध घेत शहराच्या कडेच्या एका वाडीत त्यांच्या घरी गेलो. आक्का ओसरीवर गोधडी शिवीत होत्या. जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या लुगड्यांना वास नसतो, म्हणून त्यांनी ते काम धरले होते. स्वयंपाक सून करी व त्या वेळी आक्का अंगणात बसत. आम्ही आमची सारी कहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली, मधे दोनदा मान डोलावली. मग विचारले, "अण्णा, तुमी तर मालक. तुमाला कोन काढनार?"

यावर आम्ही काही बोलू शकलो नाही. निघताना त्यांनी सांगितले, "कुटंबी बसलासा तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा. वारं बदललं की उठा, जागा बदला." पुण्यास फी देऊन जो सल्ला मिळाला त्याचा मथितार्थ हाच होता. त्यांना दरमहा काही पाठवितो. ते त्या घेतात, पण वखारीत झाले ते झाले, असे त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि म्हणाव्यात अशी आमची अपेक्षाही नाही.

तेव्हापासून देठे खुडण्याचे काम बंद वखारीत होत नाही. तीन बाजूंनी मोकळा असा पत्र्याचा मांडव घातला आहे. बायका वाऱ्याकडे पाठ करून, ढिगाच्या वरच्या अंगास बसतात, आणि दुपारी वारे फिरले की ढीग तसाच ठेवून बैठक फिरवितात. त्यात रोज अर्धा तास मोडतो. कोणी खोकल्याची तक्रार केली तर मुनीम ती वेगळ्या वहीत तारखेसह लिहितात व आम्हास दाखवितात. या मोसमात दोघींनी तक्रार केली. एकीस दम्याचे निदान होऊन औषध सुरू झाले. दुसरीच्या तपासणीत काही निघाले नाही. तिला आम्ही काट्याजवळ पावत्या लिहिण्यास बसविले आहे. सातवीपर्यंत शिकलेली आहे, अक्षर बरे आहे. बंधूंचे म्हणणे असे की, उद्या आणखी चौघी आल्या तर चार काटे कोठून आणावयाचे? त्यांचा प्रश्न खोटा नाही. गेले दोन महिने रात्रीच्या जेवणानंतर आम्हा दोघा भावांत तोच विषय चालू आहे.